तू रस्ता वाजव

बँडचाचांना उभ्या जागी वाजवता येत नसे. हा नखरा नव्हता, खरोखरच येत नसे. त्यांचा तो पोटाएवढा, फुंकून वाजवायचा पितळी युफोनियम हातात देऊन त्यांना एका जागी उभं करा. चार सूर बरे निघत आणि पाचवा निघे तो रॉकेल संपलेल्या स्टोव्हसारखा. पण तेच पाय हलू द्या, मग बघा. असा गोल, गुबगुबीत, साय धरलेला आवाज येई की पांढरकवड्याच्या मेन रोडवरच्या म्हशीदेखील आपणहून बाजूला होत. या म्हशी एसटीच्या हॉर्नला कधी हललेल्या नाहीत, हे आमच्याकडच्या लोकांना सांगायला नको. चाळीस वर्षं वरातीपुढे चालून चाचांचा श्वास पायांत उतरला होता. साधं चालणंही त्यांचं तालात असे: डावा, उजवा, मग जरासा विचार, मग पुन्हा डावा. ते माझ्या औषधाच्या दुकानाकडे येऊ लागले की मी काउंटरवरूनच ओळखत असे, आज डोक्यात कोणतं गाणं आहे ते.

मला ते 'गोळीवाले' म्हणत. मी पन्नाशीला आलो, मुलीचं लग्न केलं, त्यात वरातीपुढे चाचाच होते, तरी हाक तीच. "काय बे गोळीवाले, धंदा कसा हाय? लोकं बिमार पडून राह्यले ना बराबर?" दुकानात गिऱ्हाईक असलं तर आवाज आणखी चढे. खरं म्हणजे त्यांना माझ्या गोळ्यांत रस नव्हता, माझ्या बोटांत होता. माझी आई मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. तिथल्या प्रार्थनाघरात एक जुना पियानो आहे. आईची ड्यूटी संपेपर्यंत मला त्याच्यापुढे बसवून ठेवलं जाई, आणि एका म्हाताऱ्या सिस्टरने माझ्या बोटांवर पट्टी मारून मारून मला वाजवायला शिकवलं. त्या जोरावर मी गणपतीच्या ऑर्केस्ट्रात कॅसिओ वाजवतो. चाचांच्या मते तालुक्यात संगीत कळणारे दीड इसम होते. त्यातला अर्धा मी.

त्यांच्या कलेतली दुसरी गंमत अशी की त्यांच्या गाण्यांना शेवट नसे. मी एकदा विचारलं, "चाचा, हे गाणं संपतं कुठे?" त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "गाणं कायले संपवाचं? नवरदेव मांडवात पोचला का थांबाचं. थो दहा मिंटात पोचला तर दहा मिंटं, अन् त्याचे दोस्त नाचून राह्यले तर दोन घंटे. शेवट आपल्या हाती नसते बाप्पा, नवरदेवाच्या पायी असते." त्यांनी आयुष्यात एकाही गाण्याचा शेवट वाजवला नव्हता. त्यांना तो ठाऊकच नव्हता.

आणि एक दुखणं होतं. ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, दुपारच्या वेळी, दुकानात कोणी नसताना. "गोळीवाले, चाळीस साल वाजवलं. लोकं नाचले, लोकं भांडले, लोकायनं हॉर्न वाजवले, म्हाताऱ्याइनं कानात बोटं घातले. पण बसून आयकलं नाई कोनी. एकानं बी नाई. मले एक डाव बसेल लोकाईपुढं वाजवाचं हाय." मग लगेच हसले आणि खोकल्याचं औषध मागितलं. छातीने तेव्हाच कुरकुर सुरू केली होती.

आता या कथेत एक गोरा साहेब येतो. घाबरू नका, एकच आहे. मुकुटबनकडच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला तो झेक देशातून आला होता. त्यातल्या मोराव्हिया नावाच्या मुलखातलं एक खेडं त्याचं. नाव यान, वय माझ्याएवढंच, अंगाने ताडासारखा. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी त्याची गाडी चाचांच्या वरातीमागे अडकली. ड्रायव्हरने हॉर्न दाबला. साहेबाने त्याचा हात धरला, दार उघडून उतरला आणि चालू लागला. नाचणाऱ्यांतून वाट काढत थेट चाचांच्या बाजूला गेला आणि मांडव येईपर्यंत युफोनियमच्या तोंडाकडे बघत त्यांच्या पावलात पाऊल टाकत राहिला. नवरदेवाच्या मामांना वाटलं, मुलीकडचा पाहुणा आहे. त्यांनी त्याला फेटा बांधला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फेट्यासकट चाचांच्या दारात हजर. दुभाष्या म्हणून मला दुकानातून उचललं. माझं इंग्रजी औषधाच्या बाटल्यांवरचं, 'जेवणानंतर दिवसातून दोनदा' याच्या पुढे फारसं जात नाही. पण त्याचंही तसंच होतं, त्यामुळे आमचं छान जमलं. तो म्हणाला, माझ्या गावातही असाच पितळी बँड आहे, असाच रस्त्याने चालतो. माझे आजोबा त्यात हेच वाद्य वाजवत. लग्नात, जत्रेत आणि मयतीतसुद्धा.

"मयतीत बी?" चाचा दचकले. "तौबा! आमच्यात मयतीले बाजा नसते. तवा तरी मानसाले चूप जाऊ द्या."

मग यानने वाजवायची विनंती केली. चाचांनी अंगणात फेऱ्या घालत एक जुनं बिदाईचं गाणं वाजवलं. यान कडुनिंबाखालच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. चाचा फिरतील तशी त्याची मान टेबलफॅनसारखी फिरत होती, बाकीचा माणूस जागचा हलत नव्हता. चाचा थांबले. यान हळूच म्हणाला, पुन्हा एकदा.

चाचांनी माझा दंड धरला. "पायलं का बे? बसून आयकला!"

यानच्या फोनमध्ये सात गाणी होती. त्याच्या खेड्यातल्या म्हाताऱ्या बायकांनी म्हटलेली. त्याच्या आजोबांची फार इच्छा होती की ही सात गाणी आपल्या बाजावर वाजवावीत, सोबत पियानो असावा. ते राहून गेलं. तुम्ही कराल का, असं त्याने विचारलं. पुढच्या मार्चमध्ये त्याचं काम संपून तो जाणार होता.

"करू," चाचा म्हणाले. "पन आयकनारे बसून पायजे."

गाणं ऐकण्याची चाचांची पद्धत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. त्यांनी फोन घेतला आणि युफोनियमच्या कर्ण्यात अलगद ठेवून दिला, पाळण्यात मूल ठेवावं तसा. "पयले बाजाले आयकू दे. वाजवनार थो हाय, मी थोडीच." त्या पितळी विहिरीतून परक्या म्हाताऱ्यांचे आवाज वर येत. एक बाई एका टेकडीवरून लांबलचक सूर सोडते, दुसरी पलीकडच्या टेकडीवरून तो झेलते, ताल-बील काही नाही, मधे नुसती हवा. चाचा डोळे मिटून ऐकत. एका जागी त्यांनी चुटकी वाजवली. "तीव्र मध्यम! गोळीवाले, तिथं बी तीव्र मध्यम हाय! अन् हे अशी हाक तर आपल्याकडच्या कापूस येचनाऱ्या बाया मारतेत. वावराच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर." चाची आतून ओरडल्या, "मंग त्याइले बोलवा ना, आपला कापूस घरी यायचा हाय!"

ती गाणी त्यांनी बसवली लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर. घरात पत्रिकांचा ढीग होता, प्रत्येक वरातीची एक. निळ्या शाईत बाजाचे सारेगम, लाल शाईत पियानोचे. मी पियानोवर पान उलटावं तर मागे गणपतीचं चित्र आणि 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' सांगा, माणसाने गंभीर कसं राहायचं?

तिसरं गाणं त्यांनी फार जीव लावून बसवलं. इतकं संथ, इतकं ओलं की ऐकताना मला माझ्या मुलीची पाठवणी आठवली आणि मी चष्मा पुसला. यानने ते ऐकलं आणि तो मोठ्या पेचात पडला. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं की ते गाणं ओट्सच्या शेतात पळालेल्या एका बदकाबद्दल आहे. त्याच्या गावात ते हसत हसत, टाळ्या पिटत म्हणतात. मी घाबरत घाबरत चाचांना सांगितलं.

चाचांनी क्षणभर विचार केला. "बदक घरून गेली?"

"हो."

"वापस आली का?"

मी यानला विचारलं. गाण्यात तरी नाही आली, तो म्हणाला.

"मंग? पोरगी असो का बदक, घरून गेली अन् वापस आली नाई. बिदाईच झाली थे. त्याले सांग, तुमच्या लोकायनं चाल चुकीची लावली."

मी शब्दशः सांगितलं. यान आधी हसला. मग त्याने ते पुन्हा ऐकायला मागितलं, आणि मग तो हसत नव्हता.

पियानोशी मात्र चाचांचं पहिल्या दिवशी वाकडं होतं. प्रार्थनाघरात शिरून त्यांनी त्याच्याभोवती फेरी मारली, वाकून खाली पाहिलं, टकटक केलं. "हा बाजा हाय का कपाट? याले वरातीत कसं नेत असतीन?" नेत नाहीत, मी म्हणालो, तो एकाच जागी असतो. चाचांना त्याची दयाच आली. मी चार स्वर वाजवून दाखवले. दोन पट्ट्या मुक्या आहेत, त्याही दाखवल्या. ते बराच वेळ ऐकत राहिले. माझा डावा हात तोच तोच ठोका धरून चालला होता, त्याच्याकडे बघत एकदम म्हणाले, "समजलं. हा चालत नाई, कारन हा रस्ता हाय. तू रस्ता वाजव, मी चालतो."

त्या दिवसापासून माझ्या पत्रिकांवर सारेगमच्या जोडीला भलत्याच खुणा येऊ लागल्या. 'इथं खड्डा', म्हणजे एक मात्रा सोडायची. 'चढ.' 'पूल', म्हणजे हात हलका ठेव, खाली पाणी आहे. आणि माझी आवडती: 'लाईटवाला मागं राह्यला', म्हणजे सगळ्यांनी जरा दमाने घ्यायचं. मी पुढे पुष्कळ छापील संगीत पाहिलं, यानने पाठवलं. सावकाश वाजवा हे त्यात कुठल्या कुठल्या परक्या शब्दांत लिहिलेलं असतं, पण इतकं नीट कोणी सांगितलेलं नाही.

सराव असा चाले: मी पियानोपाशी, आणि चाचा पियानोभोवती. युफोनियम कधी समोरून येई, कधी मानेमागून. अर्ध्या तासात मला गरगरायला लागे. हिवाळाभर हे चाललं. मग जानेवारीत चाचा एकदा फेरीच्या मध्येच थांबले, पियानोला टेकले, आणि त्यांचा श्वास शिटीसारखा वाजू लागला. यवतमाळच्या डॉक्टरांनी छाती तपासून सांगितलं, एक तर चाला, एक तर फुंका. दोन्ही जमणार नाही.

मी म्हटलं, चाचा, राहू द्या. यान समजून घेईल.

"थो घेईन. मी नाई घेत," चाचा म्हणाले. "बसेल लोकाईपुढं उभंच राहाचं असते. फिरते थो वरातवाला."

पण उभं राहिलं की पाचवा सूर मरे. आम्ही सगळं करून पाहिलं. जागच्या जागी पावलं टाकून पाहिली. ते म्हणाले, मी काय शाळेतला पोट्टा हाय का? चाचींनी ताबीज बांधला. मी दुकानातला सगळ्यात महागडा दम्याचा पंप दिला. पंधरा दिवस नुसती फसफस. यानची तारीख जवळ येत होती, आणि चाचांनी माझ्या दुकानावरून जाताना हाक मारणं सोडलं. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

मग एका दुपारी ते प्रार्थनाघरात आले, माझ्या शेजारी उभे राहिले, डोळे मिटले आणि म्हणाले, "केळापूरचा रस्ता वाजव."

"म्हणजे कसा, चाचा?"

"आपल्या बसस्टँडपासून देवीच्या मंदिरापर्यंत. अठरा साल पयलेची वरात हाय. घोडा पांढरा होता. चाल."

मी डावा हात सुरू केला. पहिलं गाणं. चार सूर झाले, पाचवा आला, आणि तो गोल होता. सहावा आला, सातवा आला. चाचांचे पाय फरशीवर गच्च होते, पण ते चालले होते. मला दिसत होतं. पुलाशी त्यांनी खांदा किंचित उचलला, चढावर मान पुढे काढली. गाणं संपायला आलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मंदिराच्या दिव्यांचा उजेड पडला होता, भर दुपारी, खिडक्या बंद असताना. आता मी थोडा नाटकी माणूस आहे, हे मान्य. पण हे मी पाहिलं.

मग प्रत्येक गाण्याला त्यांनी एकेक जुनी वरात दिली. बदकाचं गाणं कळंबला जाई, चिंतामणीच्या देवळावरून. टेकड्यांवरच्या हाकांचं गाणं मुकुटबनला, डिसेंबरातल्या एका सकाळी, दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस आणि मधून मातीचा रस्ता. "तिथं असं वाटते गोळीवाले, का आपन ढगातून चालून राह्यलो." ते वाजवताना मी वजन टाकायचं नाही, असा हुकूम होता. सहा गाण्यांना सहा रस्ते झाले. सातव्याच्या पत्रिकेवर मात्र काहीच नव्हतं, खड्डा नाही, पूल नाही. नुसता माझा डावा हात, लाल शाईत, तोच तोच ठोका.

"हे कुठे जातं, चाचा?"

"थे अजून ठरलं नाई."

मार्चच्या एका रविवारी सकाळी दहा वाजता प्रार्थना उरकल्यावर कार्यक्रम झाला. चाळीसेक माणसं असतील. नर्सेस, कारखान्याची मंडळी, चाचांच्या बँडची पोरं, काही पेशंटांचे नातेवाईक, आणि पहिल्या बाकावर जरीच्या दुपट्ट्यात चाची. चाचांनी लग्नातला लाल कोट घातला होता, खांद्यावर सोनेरी झालर. त्यांनी घसा खाकरला. "मेहेरबान, एकच विनंती हाय. काही बी झालं तरी कोनी उठाचं नाई."

सहा गाणी ते उभे राहून वाजवत गेले. केळापूर झालं, कळंब झालं. चौथ्या गाण्यात बँडच्या एका पोराचे खांदे सवयीने हलायला लागले. चाचांनी न थांबता एका भुवईने त्याला खाली बसवलं. मुकुटबनच्या वेळी प्रार्थनाघरात इतकी शांतता होती की वरचा पंखा ऐकू येत होता. यान गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. माणसं बसली होती. चाळीस माणसं बसून ऐकत होती! मी चाचांकडे चोरून पाहिलं. घामाने त्यांचा कोट काळा पडला होता आणि डोळे उघडे होते. ते एकेका बसलेल्या माणसाकडे पाहत होते, मोजून घेत असावेत तसे.

सातवं सुरू झालं. मी रस्ता धरला. आठ मात्रा झाल्या, आणि चाचांचा डावा पाय उचलला गेला.

मी मान हलवली, नको. त्यांनी माझ्याकडे बघून डोळा मारला. डावा, उजवा, जरासा विचार, डावा. बाकांच्या मधल्या वाटेने ते वाजवत निघाले, यानच्या खांद्यावरून, चाचींच्या समोरून, दारातून बाहेर. चाची अर्ध्या उठल्या, मग स्वतःच खाली बसल्या. नवऱ्याचा शब्द त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाळला असावा. बाहेर आवारात पळस फुलला होता. लाल कोट त्या लाल फुलांत शिरला आणि दिसेनासा झाला. आवाज मात्र येत राहिला, विहिरीपासून, मग दवाखान्याच्या मागून, मग फाटकाकडून, मग कुठून ते कळेना. मी वाजवत राहिलो. पियानोला मागे जाता येत नाही. कोणी उठलं नाही. आता सूर ऐकू येतोय की आठवतोय, हे सांगणं अवघड झालं, तरी माझा डावा हात चाललाच होता, कारण थांबायचं कुठे हे पत्रिकेवर लिहिलेलं नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. मी सहज मान वळवली. मागच्या दाराने येऊन चाचा शेवटच्या बाकावर बसले होते. मांडीवर युफोनियम, तोंड अर्धं उघडं, श्वास शिट्या घालतोय, आणि ते ऐकत होते. बसून. मी बघतोय हे पाहून त्यांनी बोट फिरवलं: चालू दे.

यान त्या आठवड्यात गेला. जाताना फेटा घेऊन गेला. अधूनमधून त्याचा फोन येतो. त्याच्या गावच्या बँडला बदकाचं गाणं आता दोन्ही चालींत येतं म्हणे. चाचांनी त्यानंतर बाजा तोंडाला लावला नाही. खंत दिसली नाही. दुकानात येऊन बसत आणि गिऱ्हाइकांना सांगत, "याच्याकडून गोळ्या घ्या, पन रस्ता आयकाचा असन तं रविवारी या." रविवारी मी वाजवी, ते शेवटच्या बाकावर बसत. कधी कधी झोपत.

गेल्या वर्षी कापूस फुटायच्या दिवसांत ते गेले. जनाज्याला सारा गाव होता, बँडची पोरं साध्या कपड्यांत, हात रिकामे. बाजा नव्हता. चाचाच म्हणाले होते, तेव्हा तरी माणसाला चूप जाऊ द्या. पोरं आळीपाळीने खांदा देत होती, मीही दिला. नंतर मागे राहून चालताना माझ्या लक्षात आलं की माझ्या डाव्या हाताची बोटं मांडीवर हलताहेत. सातव्या पत्रिकेचा ठोका. मेन रोडवर मी एक खड्डा सोडला, पुलावर हात हलका केला. म्हशी बाजूला झाल्या होत्या.

कब्रस्तानाच्या फाटकातून त्यांना आत नेलं आणि माझी बोटं थांबली. त्या पत्रिकेवर शेवट अजूनही लिहिलेला नाही. पण नवरदेव पोचला की थांबायचं, एवढं मला चाचांनीच शिकवलं होतं.